पट्टी क्रमांक सतरा

माझं काम तसं उलटंच आहे :
ज्यानं जन्मभर उन्हाचा पाठलाग केला
त्याच्या चित्रांपासून
ऊन लांब ठेवायचं.

ल आव्रच्या बंदरावर, काचेच्या या इमारतीत
छपराला ॲल्युमिनियमच्या दोनशे सहा पट्ट्या.
ढग सरकला की त्याही सरकतात,
पापण्यांसारख्या, बिनआवाज.
खाली पोचतो तो वस्त्रगाळ उजेड,
कुणाचीच सावली न पाडणारा.
लोक म्हणतात, वा, जणू बाहेरच उभे आहोत.
मी मापकाकडे बघतो. एकशे ऐंशी. ठीक.

मार्चमधल्या एका गुरुवारी सतरा नंबरची पट्टी अडकली
आणि वरून कवडसा उतरला.
आधी बाकावर. मग फरशीच्या सांध्यावर.
मग भिंतीकडे निघाला,
रांगत्या पोरासारखा,
नेमका जिथे जाऊ नये तिथे.

मी आडवा उभा राहिलो. दुसरं सुचलंच नाही.
पाठीवर ऊन, समोर धक्क्याचं चित्र :
धुकं, डोलकाठ्या, एका बोटीचा धूर,
आणि माणसं, एकेक फटकारा फक्त,
ना नाक ना डोळे,
तरी थंडीनं आखडलेली कळतात.
त्यांच्यात माझी सावली जाऊन उभी राहिली.
कुणी हटकलं नाही.

बाकावर मादाम केनेल होत्या. दर गुरुवारी असतात.
नवरा गोदीत क्रेनवर होता; आता नाही.
म्हणाल्या, "बतिस्त, जरा सरक ना."
"नाही चालणार, मादाम."
"चार मोजेपर्यंत."

मी सरकलो.

एक.
करडं धुकं करडं नव्हतंच.
दोन.
त्याच्या पोटात गुलाबी होतं,
ओल्या शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं.
तीन. रंगाच्या वरंब्यांना आपापल्या सावल्या फुटल्या,
कोपऱ्यात कुंचल्याचा एक केस चिकटलेला दिसला,
रंग ओला होता तेव्हापासूनचा.
अकरा वर्षं मी या दालनात आहे.
मला माहीत नव्हता.

चार मी जरा लांबवला.

नोंदवहीत लिहिलं : पट्टी सतरा, मोटर जाम,
दोन वीस ते दोन एकतीस.
चित्राला उपद्रव नाही.

काचेपलीकडे पोर्ट्समथची फेरी वळत होती,
पाण्यावर ऊन नुसतं सांडलेलं.
मादाम केनेल हातमोजे चढवत म्हणाल्या,
"त्या दिवशी वारा पूर्वेचा होता हं. गोदीत कामं बंद असणार."

मी वळून बघितलं.
धूर समुद्राकडे झुकला होता.