मालक

निपाणीच्या जनावरांच्या दवाखान्यात
सकाळी नवाच्या आधीच रांग.
पिसाळीवरची लस, फुकट.
रिक्षावाला दोन दिस कर्ना लावून गल्लीबोळातनं सांगत हुता,
एकदा कानडीत, एकदा मराठीत,
आनि मधल्या मोकळ्या जागंत खोकत हुता.

मी जर्दीला सुतळीनं बांधून आनली.
रंग जर्द्याचा म्हनून नाव जर्दी,
वखारीच्या मागं गावलेली,
डोळं उघडायच्या आधीची.
आनि बोका पानांच्या पोत्यात, तोंड बांधून.
त्याचं नाव हिशोब्या:
ठेकेदाराचा मानूस बिड्या मोजाय आला
की ह्यो बरुब्बर वहीवर जाऊन बसतो.

खरं सांगू, आलेच नसते.
दिस बुडला म्हंजे हजार बिड्या बुडल्या.
पन औंदा शिवरात्रीच्या आगंमागं
भीमगोंडाची म्हस लाळ गाळाय लागली,
दाव्याला हिसडं देत रातभर वरडली,
तिसऱ्या दिशी गेली.
मग आठवलं समद्यांना
गटारीकडचं ते पांढरं कुत्रं.
आनि तिच्या दुधाचा च्या तर
आख्ख्या गल्लीनं पिलेला.
पाटलीनबाईपासनं पोस्टमनपतूर
समदी दंड उघडा करून सरकारी दवाखान्यात.
भीमगोंडाची बायकू कुनाला तोंड दावंना.
मी तिच्याकडं गेले, बसले, च्या पिले.
कोरा.

डाक्टरीनबाई नवी, शिमोग्याकडची,
कोवळी पोर, हातमोजं ढिलं.
"हेसरु?"
म्हनलं, जर्दी.
लिवलं.
मग कागदावर बोट ठिवून, मोडक्या मराठीत,
"मालक? मालक नाव?"
म्हनलं, मालक वारले. नऊ वर्सं झाली.
"अय्यो," ती बावरली,
"मग नायी यारदु? कुत्रं कुनाचं?"

मागनं कंपौंडर गैबीसाब,
"अगं हौसाक्का, तुझा न्हवं, कुत्रीचा मालक!"
रांग हसली. मीबी हसले,
आनि हसता हसता घशात कायतरी अडकलं.

घर भाड्याचं.
रेशनकार्ड पोराच्या नावावर.
बिडीच्या पुस्तकावर नाव हाय, त्येबी चुकलेलं,
हौसाबाईचं हंसाबाई,
फंडाच्या पैशासाठनं त्या हंसाबाईला हुडकत
चार वर्सं फिरतिया.

म्हनलं, माझी.
"हां?"
माझी कुत्री. लिवा.
हौसाबाई सुबराव कोगनोळे.
सुबराव म्हनताना पदर डोईवर वढला.
तिनं कानडीत लिवलं,
जोंधळ्याच्या दान्यागत गोल गोल.
मला वाचाय येत न्हाई.
मराठीबी कुटं येतंय.

"गट्टि हिडकोळ्ळि."
घट्ट धरली, मांडीत,
सूप धरावं तशी.
सुई गेली. जर्दी केकाटली न्हाई,
नुसतं माझ्याकडं बघितलं.
"बिडि," म्हनाली. सोडा.
चाळीस वर्सं ह्योच शबूद वळत आले,
पान कापून, जर्दा भरून, दोरा गुंडाळून.
त्याचा अर्थ सोडा असाबी हुतो,
कानाला ठावं हुतं,
हाताला न्हवतं.
सोडली.

त्याच घोळात पोत्याची गाठ सुटली.
हिशोब्या टेबलावर, टेबलावरनं खिडकीत,
खिडकीतनं पत्र्यावर.
खाली डाक्टरीनबाई, हातात सुई, "बा, बा."
गैबीसाब, "आव रे, आव."
भीमगोंडाची बायकू शेरडू घिऊन आल्ती,
तीबी मान वर करून, "ये की मुडद्या!"
बोका कुठल्याच भाषेत खाली येईना.

कार्ड दोऱ्याच्या डब्यात ठिवलंय.
फुडल्या साली ह्याच तारखंला या, म्हनाली.
हिशोब्या तिन्हीसांजंला आपसूक घरला आला,
जर्दीचा सुईचा जागा हुंगला,
आनि सरळ डब्यावर जाऊन बसला.