जिव्हाळी

पापाच्या तिकटीला भैरूच्या दुकानावर
पोरानं नवी पाटी लावली, फ्लेक्सवर छापून आणलेली :
'क्विक रिपेअर. दहा मिनिटांत.'
खाली भैरू नेहमीसारखा मांडी घालून.
एकाच कापशीच्या वेणीत
त्याचा आज तिसरा दिवस.

"बाई, काय लिवलंय हो ह्ये?"
चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेली मी.
"बिगीबिगी," म्हणाले.
क्विक म्हणजे लवकर, झटपट, चपळ;
एका मार्काला एवढा अर्थ पुरायचा.
"मग ती पाटी माझी न्हवं," भैरू हसला,
आणि हसता हसता आरी सटकली,
शिरली अंगठ्याच्या नखात.
मीच ओरडले. तो नाही.
"काय न्हाई बाई,
जिव्हाळीला लागलं जरा."

जिव्हाळी.
शब्द घरापर्यंत माझ्याबरोबर आला.
रात्री जाडा कोश काढला, पुठ्ठा सुटलेला.
क्विक.
पहिला अर्थ माझ्या ओळखीचा, दुसराही.
खाली बारीक अक्षरांत :
नखाखालचं कोवळं मांस.
त्याच्याही खाली : जिवंत.

हाच सगळ्यात जुना. घाई मागाहून आली.
जितं असतं ते हलतं,
हलतं ते कधीतरी पळतं,
एवढ्याशा उतारावरून शब्द घरंगळला
तो थेट या फ्लेक्सवर.
त्यांच्या जुन्या प्रार्थनेत
मेलेल्यांच्या शेजारी क्विक उभे असतात,
चपळ नव्हेत, नुसते जिते.
पारा त्यांची जिवंत चांदी.
पाणी पडताच फसफसणारा कळीचा चुना,
तोही जिवंत.
आणि पाचव्या महिन्यात बाईच्या पोटात
पहिल्यांदा काही हलतं,
त्यालाही हाच शब्द.
(मला तो कोशातच भेटला.)

अगदी तळाशी,
जिथं शब्दांच्या मुळांना माती चिकटलेली असते,
तिथं एक नाव : जीव.
आपला. संस्कृतातून आलेला.
म्हणजे ही दोघं एका आईची लेकरं,
हजारो वर्षांपूर्वी वेगळी निघालेली.
एक गार मुलखात गेलं, पळायला शिकलं.
एक इथं राहिलं
जीव लावायला, जीव टांगणीला ठेवायला,
कुणाच्या तरी उंबऱ्याशी घुटमळायला.
आणि मी दोघांना
त्याच फळ्यावर, त्याच खडूनं
चौतीस वर्षं लिहीत आले,
ओळख म्हणून करून दिली नाही.

सकाळी भैरूचा अंगठा हळदीच्या चिंधीत.
"पाटीचा अर्थ काल मी चुकीचा सांगितला."
"आँ? मग काय हाय?"
सांगितलं. पारा, चुना, नख, सगळं.
दोरा मेणावरून ओढत त्यानं ऐकलं,
चिंधीतला अंगठा एकदा दाबून बघितला.
"जीव व्हय?
मग ऱ्हाऊ दे पाटी.
त्या धा मिनिटांवर तेवढा
कातड्याचा तुकडा चिकटवतो."

"आणि माझी जोडी?"
"बेस्तरवारी या.
कातडं अजून ओलं हाय.
घाई केली तर
करकर लागायची न्हाई."