काटा खरा मानू

डॉक्टर अग्बेको फळ्याकडे पाठ करून सांगतात:
गृहीत धरा, बाजारात कुणी कुणाला फसवत नाही.
काटा खरा. भाव रास्त.
देणारा पुरतं देतो, घेणारा पुरतं मोजतो.
आणि तरीही संध्याकाळी
पैसा सकाळपेक्षा जास्त भरतो.
हा वरचा पैसा आला कुठून?

लेगॉनच्या त्या वर्गात आम्ही एकशे चाळीस,
पंखे दोन, त्यातला एक नुसता लटकलेला.
हरमाटन वाऱ्याची धूळ बाकांवर, ओठांवर.
मी हात वर केला नाही.
मी गोआसोच्या अलीकडची,
कोको खरेदी करणाऱ्या कारकुनाची मुलगी.
काटा खरा मानायचा
हे आमच्या घरात कुणाला जमलं नसतं.

शेडमध्ये तबकडीचा काटा, मागे एक स्क्रू.
वडील तो पाव फेरा फिरवत,
आणि चौसष्ट किलोच्या पोत्यातले तीन किलो
कुठेच जात नसत,
फक्त दिसायचे थांबत.
दहा पोत्यांमागे जवळजवळ अर्धं पोतं आमचं.
त्या अर्ध्याअर्ध्यातून माझी फी,
हॉस्टेलची गादी, हे जाड पुस्तक,
ज्याच्या पहिल्या दोनशे पानांत
माझ्या वडिलांसारखा माणूस
एकदाही येत नाही.

रात्री वीज गेली की मोबाइलच्या उजेडात वाचायचो.
नाआ लामिले म्हणायची,
माझी आई टेमाच्या बंदराबाहेर
बारा तास मासे तळते,
मालक तीच, मजूर तीच,
मग ती स्वतःलाच लुबाडते का गं?
हसायचो. पान उलटायचो.
तिच्या पुस्तकाला तेलाचा वास यायचा.

परीक्षेत आलं: वरकड मूल्याचा उगम स्पष्ट करा.
आठ पानं लिहिली.
मजूर दिवस विकतो, दिवसाची पुरती किंमत घेतो,
आणि दिवसात किमतीपेक्षा जास्त काही मावतं.
फसवणुकीशिवाय.
हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला,
आणि लिहिता लिहिता वडिलांचा राग आला,
चोरी केली म्हणून नाही,
इतकी छोटी केली म्हणून.

सुट्टीत त्यांनी विचारलं, काय शिकवतात?
म्हटलं, मोठी माणसं स्क्रूला हात लावत नाहीत.
त्यांना कशाला लागतोय, ते म्हणाले.
मग बोटं मोडत हिशेब सांगितला:
डेपोचा काटा माझ्यापेक्षा दोन किलो कमी दाखवतो,
तूट माझ्या पगारातून.
उरला एक.
त्या एकावर तू शिकतेस.

तेवढ्यात ओपान्यिन बोआहेन आले,
पोतं डोक्यावरून उतरवलं, काट्यावर ठेवलं.
तबकडीकडे त्यांनी बघितलंच नाही.
माझ्या बुटांकडे बघत होते.
एकसष्ट, वडील म्हणाले.
एकसष्ट, म्हातारा म्हणाला,
जणू मुलाचं नाव सांगतोय.
मापात पाप, हे तिघांनाही ठाऊक,
आणि तिघांपैकी कुणालाच
ते शब्द उच्चारायचे नव्हते.
बोआहेननी पावतीवर अंगठा टेकवला,
अंगठा पायजम्याला पुसला, गेले.

नंतर मी सहज काट्यावर उभी राहिले.
लहानपणी दर महिन्याला उभी राहायचे.
काटा थरथरला, थांबला.
एकावन्न, वडिलांनी वाचलं.
मग सवयीने, हलक्या आवाजात: चोपन्न.
आणि दाराच्या चौकटीशी वाकून
खडूने चोपन्न लिहिलं,
माझ्या सगळ्या जुन्या आकड्यांच्या वर.
तिथे एकही आकडा खोटा नव्हता.

म्हणजे खरं वजन
त्यांना प्रत्येक वेळी ठाऊक होतं.
प्रत्येक पोत्याचं.

सोमवारी परत वर्गात.
गृहीत धरा, डॉक्टर म्हणतात.
मी वही उघडते, तारीख घालते,
आणि पहिल्यांदाच
हात वर करते.