पुरवणी जबाब

हवालदार माजीक इंग्रजीतला कागद
मला मराठीतून वाचून दाखवतात.
प्रेमलता गाडी.
म्हटलं, प्रेमावती. आणि गाडी नव्हे, घाडी.
गाडी ती, जिच्यावरून ते पळाले.
ते हसले नाहीत.

वार मंगळवार.
मंगळवारी डिचोलीत काय असतं हो?
माझ्या पिशवीत अळसांदे होते, सुक्या सुंगटांचा एक वाटा,
बुधवारच्या बाजाराशिवाय कोण देतो मला उधारीवर?
मोटरसायकल काळी.
स्कूटर. पांढरी.
मागे बसला होता त्याच्या सदऱ्याची शिवण काखेत उसवलेली,
तेवढं दिसलं. तोंड आठवत नाही.
व्यवसाय, गृहिणी.
अहो, तुमच्या ह्याच खाकीची कंबर
चवथीआधी दोन बोटं सैल केली ती कुणी?

"बाई, एकदा नोंदलं ते बदलत नाही.
खोडायचं नाही, वर लिहायचं नाही.
पुरवणी जबाब घेतो, मागे जोडतो."

म्हणजे ठिगळ.
ठिगळाचं मला वावडं नाही.

मी सांगते, ते लिहितात.
शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबतं.
पिवळ्या धातूचं मंगळसूत्र, नग एक.

पिवळा धातू?
समई आहे का ती? घागर आहे?
आईने मुळगावचं काजूचं भाट विकून केलं होतं,
अडीच तोळे. सोनं लिहा.

माजीकांनी पेन खाली ठेवलं.
सगळ्यांचंच असं लिहितो आम्ही, म्हणाले,
सापडलं की सोनार कसाला लावतो,
तोवर धातू.
"तुमचा आग्रहच असेल तर लिहितो सोनं.
पण मग ते सोनंच निघायला हवं."

खाण बंद झाली त्या साली
ट्रक अंगणात ताडपत्रीखाली, चाकांवर वेल चढलेली.
हप्तेवाले सोप्यावर बसून चहा प्यायचे, दोन-दोन कप.
एका सकाळी हे म्हणाले,
काळं पडलंय, पॉलिश करून आणतो.
तीन दिवस लागले पॉलिशला.
परत घातलं तेव्हा मान हलकी वाटली.
अर्धं सूत कापड कमी असलं तरी कळतं माझ्या बोटांना.
आरशात पाहिलं. छान चकाकत होतं.
त्या रात्री मी ह्यांना
न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला.

"काय करू मग? सोनं?"
आत कुठेतरी वायरलेस खरखरला, गप्प झाला.

नाव तेवढं नीट घाला, म्हटलं.
घ. घराचा घ.
आणि शिवणकाम.
ती ओळ राहू दे तशीच.

सही केली, खाली तारीख घातली,
कागद उलटा करून पाहिलं
टाचणी दोन्ही पानांतून गेली की नाही.
सवय.