दारातली नोट

यासीन मुजावरनं शंभराची नोट काढली,
फ्रिजच्या दारात धरून दार लावलं
आणि दोन बोटांनी ओढली.
अलगद आली.
‘बघा वहिनी, दार पैसा धरत नाही.’
मी म्हटलं, या घरातलं कुठलं दार धरतं?
तो हसला. हे नाही हसले.

दुखणं नुसतं दाराचं नव्हतंच.
वर बर्फाचा डोंगर, खाली दूध नासतं,
कोथिंबीर मागच्या पत्र्याला चिकटून काचेची होते.
रात्री धडधड थांबली की मला जाग येते;
चालू असला की झोप.

मालगाव रोडवरून हातगाडीनं आणला होता.
आडवा करू नका म्हणाला होता दुकानदार,
म्हणून नवरदेवाच्या घोड्याला धरतात तसे
हे गाडीला धरून मिरजभर चालले.
एकवीस वर्षं झाली.

गॅस अठ्ठावीसशे. रबर नऊशे.
कॉम्प्रेसर गेला असेल तर यासीन नुसता हात झटकतो.
प्रणीत पुण्याहून म्हणतो, आई, वीज किती खातो तो,
जुन्याचे दोन हजार वळते होतात.
हे दूधवाल्याच्या कार्डामागं भागाकार मांडतात:
खर्च वर, वर्षं खाली.
वर्षांच्या जागी नुसतीच रेघ.

आणि दाराच्या कप्प्यात, अंड्यांच्या खाचेत,
अक्काताई खोतांचं इन्सुलिन.
त्यांच्या घरी दोन दारांचा फ्रिज आहे,
बर्फ आपोआप पाडणारा.
तरी सकाळी सातला, संध्याकाळी सातला
चप्पल वाजते.
सुई टोचून घेतात, बिनसाखरेचा चहा घेतात,
दहा मिनिटं बसतात.
का, ते मी कधी विचारलं नाही.

हा हिशेब कार्डावर कुठं लिहायचा?

आज बाटली डब्यात घालून माठात ठेवली.
फ्रिज आवरला, लोणच्याचा डाग पुसला.
सातला अक्काताई आल्या,
सवयीनं थेट त्याच्याकडेच गेल्या, दार उघडलं.
आत काहीच नाही. दिवा तेवढा लागला.
पायाशी नोट पडली.
यासीन पुन्हा अडकवून विसरला होता की काय.

‘कुणाची गं ही?’
मी आधण ठेवत होते.
रबराची, म्हटलं.
असू दे तिथंच, उद्या आठशे घालायचेत त्यात.