बेबी ऑफ रेश्मा ठोकळ

सव्वीस वर्षं मी ग्रॅम मोजतेय.
हाताला इतकी सवय, की बाजारात
सुरमईचा तुकडा उचलला तर काट्याआधी मीच सांगते,
चारशे वीस,
आणि कोळीण माझ्याकडे असं बघते
जसं मी न विचारता तिच्या घरात शिरले.

ही एक किलो एकशे ऐंशी.
नाव नाही. पायाला पट्टी : बेबी ऑफ रेश्मा ठोकळ.
रेश्मा खालच्या मजल्यावर,
बीपी चढून झटके आलेले, हाताला सुई.
शुद्धीवर आली की एकच विचारते, रडली का?
रडली.
मांजराच्या पिल्लाएवढी, पण रडली.

वॉर्मर कमी, बाळं जास्त,
ते आमच्याकडे बारा महिने.
डॉक्टर म्हणाल्या, बाप कुठंय?

बाप जिन्यात बसलेला. लहू.
दारूखान्यात जहाजं कापतो गॅसकटरनं,
दिवसाला आठशे, खाडा झाला की शून्य.
कोपरापर्यंत तीनदा हात धुतले त्यानं,
तरी बोटांच्या रेघांत काळं राहिलंच.
म्हटलं, शर्ट काढ.
तो हलेना.
बायका बघतायत म्हणून असेल, मी पडदा ओढला.
तरी बटणांवर मूठ धरून उभा,
जणू मी त्याची झडतीच घेतेय.

मग काढला.
छातीभर ठिणग्यांचे वण,
आणि डावीकडं, जत्रेतल्या मशीननं गोंदलेलं,
आता हिरवट पडलेलं एक नाव :
अश्विनी.

मी वाचलं नाही.
म्हणजे वाचलं. पण या नोकरीत
कुठं डोळे मिटायचे तेही शिकावं लागतं,
अभ्यासक्रमात नसलं तरी.

टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडी,
बेडकासारखे पाय दुमडून
ठेवली त्याच्या छातीवर,
गाल बरोबर त्या नावावर.
वरून सुती पट्टा गुंडाळला.

“आता काय करू?”
काही नाही. श्वास घे.
“ते घेतोच की. पण काम काय?”
हेच काम. ही मधेच श्वास घ्यायची विसरते,
तुझी छाती हलली की तिला आठवतं.

तर तो इतका जपून श्वास घ्यायला लागला
की मीच म्हटलं, अरे, नेहमीसारखा घे.
“नेहमीचा कसा असतो तेच आठवेना, सिस्टर.”

तिसऱ्या रात्री मॉनिटर बोंबलला.
वजन तोवर एक हजार नव्वदवर उतरलेलं,
उतरतंच, पण आईबापांना ते कसं सांगायचं.
मी तळपायाला टिचकी मारायला धावले
तेवढ्यात लहूला खोकला आला,
खोल, गंज खाल्लेला,
(एक्स-रे साफ होता, बघूनच आत घेतलं होतं)
ती दचकली.
दचकली आणि श्वास घेतला.
त्या खोकल्यावरून मी सकाळीच त्याला झापलं होतं.

मुकादमाचा फोन आला : काय रे, तूच बाळंत झालास का?
लहू म्हणाला, हो.
आणि ठेवला.

नवव्या दिवशी रेश्माला वर आणलं चाकाच्या खुर्चीवर,
पाय अजून सुजलेले, ओठ दातांनी फाटलेला.
आधी तिनं बोटं मोजली, मग कान पाहिले,
मग गालाखालचं ते नाव.
मी वाटी-चमचा खळखळवत उगाच पाठ फिरवली.
“हिच्या लाळेनं पुसतंय का बघ,” ती म्हणाली.
पुढं कोण हसलं ते ठाऊक नाही,
दोन तासांचं दूध द्यायची वेळ झाली होती.

आज अकरावा दिवस.
पट्टा सोडून तिला उचललं,
काट्याआधी मनात म्हटलं, एक किलो दोनशे ऐंशी.
काटा म्हणाला, दोनशे साठ.

वीस ग्रॅम मी जास्त धरले.
टोपी उतरवून, पाळणा पुसून, पुन्हा ठेवली.
दोनशे साठच.

रजिस्टरात काट्याचंच लिहिलं.