काळजीवाहू

रूवीत, हमरियाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आमचं सरकार चालतं.
संख्याबळ सात.
केरळचे तीन, सर्वांत मोठा गट, पण बहुमत नाही.
दापोलीकडचे परकार आणि मुकादम,
सख्खे साडू, दोन मतं, एक तोंड.
जगित्यालचा लस्मन्ना, एक.
आणि मी वसमतचा, अपक्ष.

शिवाय मुकादमचा आतेभाऊ,
घाल्याच्या कॅम्पात झोपतो, जुम्म्याला इथं जेवतो.
त्याचा बाहेरून पाठिंबा.
बाहेरून पाठिंबा देणाऱ्याच्या ताटात
माशाचं डोकं पडावं लागतं,
हे राजकारण मला इथंच कळलं.

किमान समान कार्यक्रम फ्रिजवर चिकटवलाय:
भात रोज. खोबरेल दिवसाआड. एसी चोवीसवर.
खालच्या ओळी वाफेनं फुगून पुसल्या गेल्यात
आणि सगळ्यांना तोंडपाठ आहेत,
प्रत्येकाला वेगळ्या.

सजीवन तीन वर्षं प्रमुख. म्हणजे काय,
तर गॅसवाल्याचा फोन त्याला
आणि शिव्याही त्यालाच.
हिशेबाची वही परकारकडे.
ज्याच्याकडे वही, तो बोलत नाही,
नुसती पानं उलटतो.

पहिले दोन महिने मला कुणी विचारलं नाही.
मग एसी बावीसवर की सव्वीसवर,
यावर तीन विरुद्ध तीन झाले
आणि सहाही जण चहा घेऊन माझ्या खाटेशी आले.
वेगवेगळे.
त्याच आठवड्यात मला खिडकीजवळची जागा मिळाली.
समोर उघडाबोडका डोंगर, औषधाला झाड नाही,
पण माझा.
मत कुणाला दिलं ते विचारू नका.

मे महिन्यात सरकार पडलं.
मिक्सर जळाला. खोबरं वाटताना
की लस्मन्नाच्या मिरच्या, यावर एकमत होईना.
सजीवननं किल्ली टेबलावर टाकली.
परकारनं वही गादीखाली सारली.
शेगडीला बर्नर दोन, पातेली चार.

अशात लस्मन्नाची कंपनी बुडाली.
बोलला नाही तो.
रोज पहाटे साडेचारला डबा घेऊन निघायचा
आणि कोरड्या वादीच्या पुलाखाली
सावली सरकेल तसा सरकत बसायचा.

बैठक झाली नाही. ठराव कुणी मांडला नाही.
महिनाअखेरीला वही उघडली
तर त्याच्या नावापुढे भाड्याचे रियाल भरलेले,
अक्षर परकारचं नव्हतं.
जूनमध्ये अक्षर आणखी वेगळं,
सातच्या पोटात आडवी रेघ, केरळची असावी.
जुलैत मी वही मागितली.
परकारनं नेमकं पान उघडून दिलं
आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

पेपरात अशा सरकारला काळजीवाहू म्हणतात.
मोठे निर्णय घ्यायची त्याला मुभा नसते.

ऑगस्टात लस्मन्नाला बरक्याला काम लागलं,
मिक्सर आला, आणि नवा प्रमुखही ठरला:
लस्मन्नाच.
ज्याच्यामागे एकही माणूस नाही
त्याच्यावर सगळ्यांचं जमतं.

किल्ली कमरेला लावली
आणि पहिल्याच रात्री त्यानं
खिडकीजवळची खाट मागितली.
मी म्हटलं,
आधी चहा आण. मग बघू.